चौघींच्या तंबूत आठजणी

बर्फावर चढायला शिकवणाऱ्या कोर्सला मी गेले तेव्हा माझं वय पस्तीस होतं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, 'मूठ आवळा' म्हणायचं, रक्त काढायचं, कापूस धरायला लावायचा, की पुढचा माणूस हजर. दिवसभर माणसंच माणसं. घरी आलं तरी तेच. छावणीच्या अलीकडं आमच्या दोन खोल्या, आणि त्यात आई, वडील, भाऊ, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि मी. माझी स्वतःची अशी जागा म्हणजे लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पैठणची मावशी तिच्या तीन पोरींना घेऊन यायची, तेव्हा तर पाणी प्यायला उठलं की कुणाच्या ना कुणाच्या हातावर पाय पडायचाच.

लॅबमधल्या एका सिनियर बाईंनी मला पहिल्यांदा कन्नडच्या पुढं डोंगरात नेलं. चढून वर गेलो, बाई डबा उघडायला थांबल्या आणि मी थोडी पुढं जाऊन एका दगडावर बसले. अर्धा तास मला कुणी हाक मारली नाही. अर्धा तास! त्यानंतर मी जवळजवळ प्रत्येक रविवारी डोंगरात जायला लागले. पाच-सहा वर्षं अशी गेली, आणि मग बाईंनीच सांगितलं की उत्तराखंडात एक संस्था आहे, तिथं बायकांसाठी महिनाभराचा कोर्स असतो, बर्फात राहायला नेतात. चाळिशीच्या आत जाऊन ये.

बर्फ, आणि आजूबाजूला कुणी नाही. माझ्या डोळ्यांपुढं एवढंच आलं. मी फॉर्म भरला.

आई म्हणाली, "बर्फात काय पुरून ठेवलंय गं तुझं?"

वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, "जाऊ दे की. पण लोकरीचे मोजे घे, नुसते सुती घेऊन जाशील."

आई आठवडाभर कुरकुरली आणि मग तिनंच अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी कुटली. निघायच्या आदल्या दिवशी विहारात घेऊन गेली, मनगटाला पांढरा दोरा बांधून घेतला. एप्रिल संपत आला होता. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून मी घरातून बाहेर पडले आणि चौथ्या दिवशी एका थंडगार गोदामात बूट घालून बघत होते.

गोदाम संस्थेचं. तिथं सगळ्यांना बूट, सॅक, झोपायची पिशवी आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड मिळत होती. माझ्या बुटात टाच काही केल्या जाईना. मी स्वतःशीच पुटपुटले, "लईच घट्ट हाय की हे."

मागून आवाज आला, "जाड मोजा घातल्यावर अजून घट्ट व्हईल, बाजी. एक नंबर मोठा माग."

मी वळून बघितलं. बाजी म्हणजे ताई, एवढं मला माहीत होतं. चोवीस-पंचवीसची, डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेली, गालावर खळी असलेली एक मुलगी माझ्या बुटाकडं बघत उभी होती.

"कुठली गं तू?"

"तुझ्याच गावची. हौ. 'लईच' ऐकलं अन् वळखलं."

तिच्या वडलांची रोशन गेटजवळ बेकरी. आमच्या लॅबमध्ये चार वाजताच्या चहाला जी खारी येते ती त्याच बेकरीतली, हे दोन मिनिटांत निघालं. माझ्या घरापासून तिचं घर रिक्षानं पंधरा मिनिटांवर, आणि भेट व्हायला आम्हाला दीड हजार किलोमीटर लांब यावं लागलं. फॉर्मवर माझ्या गावाचं नाव संभाजीनगर, तिच्या फॉर्मवर औरंगाबाद. आमच्या उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या सरांनी, ही दोन वेगळी गावं धरली. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, की तुम्ही दोघी आपसात तुमच्या भाषेत कशा काय बोलता, दोन्ही शहरं जवळ आहेत का? ती अगदी गंभीर चेहरा करून म्हणाली, "भौत जवळ, सर. एक में सोते, दूसरे में उठते." उस्तादांनी मान डोलावली आणि पुढं गेले. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

पहिला आठवडा खालीच गेला. दोर, गाठी, खडक, पाठीवर ओझं घेऊन चालणं. मग तीन दिवस चालत आम्ही वरच्या मुक्कामाला पोचलो. झाडं मागं पडली, गवत मागं पडलं, आणि एका मोठ्या काळ्या शिळेच्या आडोशाला, बर्फाच्या कडेला तंबू लावलेले दिसले. उस्तादांनी यादी वाचली. एका तंबूत चौघी.

तंबूच्या पिशवीवर 'चार माणसांसाठी' असं छापलेलं होतं. ती चार माणसं फार बारीक असणार आणि त्यांच्याजवळ सामान नसणार. आम्ही चौघी आत शिरलो, चार सॅक आत घेतल्या, आणि दार लावायला हात मागं न्यायलाही जागा उरली नाही.

चौघींपैकी मी आणि बेकरीवाली दोन. तिसरी केरळची नर्स, एकोणचाळीस वर्षांची, साऱ्या बॅचमध्ये मोठी. माझ्यासारखाच तिनंही बर्फ पहिल्यांदाच बघितला होता. तिला हिंदी यायची ती फक्त वॉर्डातली. 'कहाँ दर्द है? कितना दिन से है? खाना खाया?' एवढ्यावर ती सगळा कोर्स चालवत होती. आणि चौथी हरियाणाची पोलीस कॉन्स्टेबल. उंच, रुंद, मनगट माझ्या दुप्पट. ती पाठीवर झोपली की तंबूचा निम्मा भाग संपायचा. आणि ती घोरायची. साधंसुधं नाही, आधी लांब शिट्टी, मग काहीतरी फरफटत नेल्यासारखा आवाज, मग शांतता, आणि आपण 'थांबलं' म्हणून सुटकेचा श्वास सोडावा तोच पुन्हा शिट्टी.

मी कडेला झोपायचे. एका बाजूला तंबूचं ओलं कापड, दुसऱ्या बाजूला कॉन्स्टेबल. आमच्या चौघींच्या श्वासाची वाफ छताला चिकटायची, पहाटे तिचं दव व्हायचं आणि थेंब थेंब नाकावर पडायचे. ओले मोजे पोटाशी घेऊन झोपायचे, म्हणजे सकाळपर्यंत कोमट तरी होतात. बुटांच्या आतलं अस्तर पिशवीत पायाशी, पाण्याची बाटली मांड्यांमध्ये. एवढा संसार घेऊन कूस बदलायची म्हटलं की चौघींनी मिळून बदलावी लागायची. मी चार रात्री सहन केलं. मग मी माझी सॅक आडवी लावून माझ्या आणि कॉन्स्टेबलच्या मध्ये भिंत केली. तिनं ते पाहिलं. सकाळी भिंत माझ्याच अंगावर कोसळलेली होती.

त्या सहाव्या दिवशी चहाच्या रांगेत मी उस्तादांना गाठलं आणि म्हणाले, "सर, मला दुसऱ्या तंबूत जागा मिळेल का? आमच्याकडं एक बाई फार घोरते. आणि जागाही खूप खाते."

उस्ताद हसले. म्हणाले, सगळे तंबू सारखेच आहेत, बेटा. मग त्यांनी माझ्या मागं बघितलं. मागं कॉन्स्टेबल उभी होती, हातात दोन मग. एक तिचा आणि एक माझा. मी माझा मग तंबूतच विसरले होते, तो ती घेऊन आली होती. तिनं तो माझ्या हातात दिला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी उतारावर घसरलं तर कुऱ्हाड रोवून स्वतःला कसं थांबवायचं ते शिकवत होते. माझा दोर तिच्याच हातात होता. तिनं तो नीट धरला, मी दोनदा घसरले तेव्हा दोनदा ओढून धरला. मला फार लाजल्यासारखं झालं. माफी मागावी तर कशी मागावी ते सुचत नव्हतं. तंबूत चौघी इतक्या खेटून, की एकीला काही सांगावं तर चौघींना सांगितल्यासारखं.

दोन दिवसांनी बर्फ पडायला लागला. सकाळी पडत होता तो पिठासारखा. बेकरीवालीनं तळहात पुढं केला आणि म्हणाली, "मैदा आहे गं, बाजी. एकदम बारीक." दुपारपर्यंत त्याचे कापसाएवढे पुंजके झाले. दुसऱ्या दिवशी उठवायची शिट्टी वाजलीच नाही. डोळे उघडले तर तंबूचं कापड छातीपर्यंत खाली आलेलं. बाहेरून उस्तादांचा आवाज आला: आज कुणी कुठं जायचं नाही, दर अर्ध्या तासानं छतावरचा बर्फ झटकायचा, हवेच्या खिडक्या मोकळ्या ठेवायच्या, एकटीनं लांब जायचं नाही.

आम्ही आतून पायांनी छत झटकत होतो. साडेनऊ-दहाच्या सुमाराला शेजारी काहीतरी कडाड् मोडलं आणि पोरींचा आरडाओरडा ऐकू आला. शेजारच्या तंबूची काठी मोडली होती. तिथं चौघींऐवजी तीनच राहत होत्या, भोपाळच्या कॉलेजातल्या. दोन मिनिटांत आमच्या दाराची चेन सर्रकन उघडली आणि उस्तादांचं बर्फानं भरलेलं डोकं आत आलं. "इस में तीन और," ते म्हणाले. आमचा तंबू शिळेच्या अगदी लगत होता, वारा कमी लागायचा. "आणि किचनमधली मदतनीस मुलगी पण इथंच. तिच्या तंबूत आता सामान ठेवायचंय."

म्हणजे आठ.

"आ जाओ," कॉन्स्टेबल म्हणाली. तिनं गुडघे पोटाशी घेतले.

पुढची पंधरा मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. कुणाचा गुडघा कुणाच्या कानात, कुणी नर्सच्या चष्म्यावर बसलं, कुणाच्या कपड्यांवरचा बर्फ वितळून माझ्या मानेत गेला. तिघींपैकी दोघी बऱ्या होत्या. तिसरी, सगळ्यांत बारकी, दारातच थबकली. आत येईना. "मी बाहेर बसते सर, मला आत श्वास येत नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाहेर तर काहीच दिसत नव्हतं.

आणि मग माझ्या तोंडून माझ्या आईचा आवाज निघाला. अगदी तोच, मावशी पोरींना घेऊन आल्यावरचा.

"थांबा! कुणी हलायचं नाय. आधी सगळ्या सॅक बाहेर. बूट एका पोत्यात. मग बसायचं."

मी मराठीत बोलत होते हे मला कळलंच नाही. सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या. बेकरीवाली मागून ओरडली, "बाजी बोल रही, हिलना नक्को! बैगां बाहर!"

सॅक तंबूच्या बाहेरच्या पडवीत गेल्या, वर प्लास्टिक टाकलं. बूट पोत्यात गेले. चटया एकावर एक चढवल्या. आणि मग मी त्यांना बसवलं. भिंतींना पाठ लावायची नाही, ओल्या होतील. मधोमध दोन ओळी, चार आणि चार, पाठीला पाठ लावून, पाय भिंतींकडं. म्हणजे पाठी गरम राहतात आणि पायांनी भिंतीवरचा बर्फ ढकलताही येतो. उंच असेल तिनं मधे, छत तिथं उंच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन खोल्यांत दहा-अकरा माणसं कशी बसवायची, कुणाला भिंतीकडं आणि कुणाला दाराकडं, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

बारकीला मी अगदी दाराशी घेतलं. चेन चार बोटं उघडी ठेवली. "हे बघ," मी म्हणाले, "हे दार तुझं. तुला वाटलं की उघडायचं, वाटलं की मिटायचं. कुणी काही बोलणार नाही." तिनं त्या फटीला नाक लावलं आणि बसली. मी तिच्या शेजारी. थोड्या वेळानं तिचा हात माझ्या जाकिटाची बाही धरून होता. रक्त द्यायला येणारी लेकरं धरतात ना, तसा.

माझ्या पाठीला पाठ होती ती कॉन्स्टेबलची. गरम, भिंतीसारखी रुंद. तिचं तोंड पलीकडं, माझं अलीकडं. मला एकदम जमलं. चेहरा दिसत नसला की सोपं जातं.

"त्या दिवशी माझं चुकलं," मी हिंदीत म्हणाले. "तू माझा मग घेऊन उभी होतीस आणि मी तुझी तक्रार करत होते."

पाठ जरा हलली. "घोरते मी, मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या आईनं लग्न ठरवतानाच सासरी सांगून टाकलं होतं. नंतर बोलणी नकोत म्हणून."

"मग? तुझा नवरा काय म्हणतो?"

"वो के बोलेगा! वो तो मेरे से भी ज्यादा."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. पाठीला पाठ असल्यामुळं तिचं हसू माझ्या बरगड्यांतून जात होतं आणि माझं तिच्या. आमच्या दोघींमुळं दोन्ही ओळी हलायला लागल्या, कुणाला काही माहीत नसताना त्याही हसायला लागल्या, आणि छतावरचा बर्फ घसरून धप्पकन खाली पडला.

"छान," नर्स म्हणाली. मराठीतला हा एक शब्द तिला बेकरीवालीनं शिकवला होता.

दुपारी दोनला किचनमधून खिचडीचं पातेलं आलं, वर ताट झाकलेलं, ताटावर बर्फ. खिचडी कोमट आणि अळणी होती, मीठ कुठल्यातरी तंबूखाली गाडलं गेलं होतं म्हणे. मी पडवीत हात घालून सॅकमधला चटणीचा डबा काढला. अडीच आठवडे मी तो कुणाला दाखवला नव्हता, हे इथं कबूल करते. चाटून चाटून पुरवत होते. तो आठजणींत अर्ध्या तासात संपला. किचनमधली मुलगी गढवालची, ती तर चटणी नुसतीच बोटानं खात होती आणि डोळ्यांतून पाणी काढत होती. मग बेकरीवालीनं तिचा डबा काढला. नानखटाई होती, पण वाटेत इतकी दाबली गेली होती की तिचा नुसता भुगा उरला होता. आम्ही तो तळहातावर घेऊन फक्के मारले. भोपाळच्या एकीनं विचारलं, याला काय म्हणतात? बेकरीवाली म्हणाली, "याला औरंगाबादी बर्फ म्हणतात."

त्यानंतर काय सुचलं कुणास ठाऊक, नर्सनं ओपीडी उघडली. एकेकीची नाडी धरायची आणि वॉर्डातल्या हिंदीत विचारायचं. "कहाँ दर्द है?" कॉन्स्टेबल म्हणाली, सगळीकडं. "कितना दिन से है?" कॉन्स्टेबल म्हणाली, जिस दिन से फॉर्म भरा. "खाना खाया?" बास. एवढ्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. मी लॅबवाली म्हणून मला रक्त घ्यायला बसवलं. मी प्रत्येकीच्या दंडाला मोजा बांधला आणि म्हणाले, मूठ आवळा. बारकीची पाळी आली तेव्हा ती दाराकडची फट सोडून आमच्याकडं तोंड करून बसली होती. नर्सनं विचारलं, "कहाँ दर्द है?" बारकीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "सिस्टर, मेरे ऊपर कोई बैठा है." खरंच, किचनवाली मुलगी तिच्या पायावर बसली होती. त्यावर जो हशा पिकला तो किचनच्या तंबूपर्यंत गेला असणार, कारण थोड्या वेळानं उस्ताद किटली घेऊन आले आणि म्हणाले, बाकी सगळीकडं पोरी रडकुंडीला आलेल्या, तुमच्याकडं काय लग्न लागलंय का?

सगळंच काही गोड नव्हतं. भोपाळच्या तिघींतली एक सारखी म्हणायची की तिची चटई ओली आहे आणि माझी कोरडी. मी बदलून दिली तर म्हणाली, हिला वास येतो. तिचं आणि माझं शेवटपर्यंत जमलं नाही. मला चार वाजता डोकंही दुखायला लागलं, उंचीमुळं. नर्सनं मला दोन मग गरम पाणी पाजलं आणि पाजताना माझी वेणी सोडून पुन्हा घातली. माझी वेणी शेवटची दुसऱ्या कुणी घातली त्याला वीस वर्षं झाली असतील.

संध्याकाळच्या आधी छत पुन्हा जड झालं. आतून झटकून भागेना. मी आणि बेकरीवाली फावडं घेऊन बाहेर पडलो. मांडीपर्यंत बर्फ. शिळा तेवढी काळी, बाकी आभाळ कुठं संपतं आणि डोंगर कुठं लागतो काही समजत नव्हतं. तंबूंचे फक्त शेंडे वर होते. आम्ही दोघी एकेका बाजूनं खणत गेलो. हात भरून आले तेव्हा थांबलो. कसलाच आवाज नव्हता. कन्नडच्या डोंगरातला तो दगड माझ्यासाठी शांत होता, पण तिथं पाखरं असतात, लांब कुठंतरी जीप वाजते. इथं पडणाऱ्या बर्फाशिवाय काही नव्हतं. हेच बघायला तर मी आले होते.

तेवढ्यात आतून कॉन्स्टेबलनं काहीतरी म्हटलं आणि सहाजणी एकदम हसल्या.

"बाजी, हे लोकं काय म्हणले?" बेकरीवालीनं विचारलं.

"मला नाही ऐकू आलं."

"मग चल ना आत. हम बाहर आए तो जोकां मारते ये लोग."

मी फावडं तिथंच रोवलं आणि तिच्या आधी आत शिरले.

रात्री दर तासाला कॉन्स्टेबल "पलट!" म्हणायची आणि आठजणी एकदम कूस बदलायच्या, डोकं-पाय, डोकं-पाय अशा रचलेल्या. ती घोरली की नाही मला सांगता येत नाही. मी झोपले होते.

सकाळी ऊन पडलं. काळा चष्मा घातल्याशिवाय डोळे उघडता येईनात. सगळ्या मुक्कामानं आपापलं ओलं सामान बाहेर काढलं आणि त्या काळ्या शिळेवर पांघरुणं, मोजे, टोप्या, पिशव्या अशा वाळत घातल्या की लांबून कुणी बघितलं असतं तर तिथं बाजार भरलाय असं वाटलं असतं. भोपाळच्या पोरींचा तंबू दुपारी उभा राहिला. बारकी आपली पिशवी घेऊन गेली. चार वाजता चहाचा मग घेऊन परत आली. "तिकडं तिघीच आहेत," ती म्हणाली, "गार लागतं." त्या दिवसापासून रोज चहाला ती आमच्याकडंच असायची.

कोर्सचा शेवटचा मोठा दिवस म्हणजे एका धारेवर चढून जाणं. अंधारात उठवलं, दोराला पाच-पाच जणी बांधल्या. आमच्या दोरावर आम्ही चौघी आणि बारकी. पुढं उस्ताद. बुटाला खिळ्यांची पट्टी लावलेली, ती बर्फात रुतली की करकर वाजते. दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. नर्स दर थांब्याला मागं वळून विचारायची, "कहाँ दर्द है?" आणि आम्ही हात वर करून सांगायचो, कुठं नाही. अर्ध्या चढावर कॉन्स्टेबलचा श्वास फुलला. एवढी दांडगी बाई, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही जा, माझ्यानं होत नाही. मी माझ्या दोराचं वेटोळं हातात घेतलं आणि म्हणाले, "मला एकटीला वर जायचं नाही. थांबू आपण." खरंच तसंच वाटत होतं. आम्ही थांबलो. बेकरीवालीनं तिला खडीसाखर चारली, बारकीनं तिची कुऱ्हाड धरली. उस्ताद घड्याळ बघत होते. सात-आठ मिनिटांनी कॉन्स्टेबल स्वतःच म्हणाली, चला.

धारेवर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आलं होतं. चारी बाजूंनी शिखरं, एवढी की मोजायचं सुचलं नाही. बेकरीवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, चश्मा घालायला विसरले गं, म्हणून येतंय. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

उतरताना उस्तादांनी एका लांब, मऊ उतारावर दोर सोडायला लावले. इथून बसून घसरत जायचं, म्हणाले, कुऱ्हाडीचा दांडा बाजूला दाबून वेग आवरायचा, एकेकीनं, अंतर ठेवून. आधी बारकी गेली, किंचाळत. मग नर्स, एकोणचाळीस वर्षांची, दोन्ही पाय वर करून. मी बसले आणि एकदा खाली बघितलं. तेवढ्यात मागून ओरडा ऐकू आला. कॉन्स्टेबलचा तोल सुटला होता. ती आली ती सरळ माझ्यावर, मला मांडीवर घेतल्यासारखी घेऊन तशीच पुढं निघाली, आणि आमच्या मागं बेकरीवाली "रुको गं, रुको!" म्हणत स्वतःच सुटली. आम्ही तिघी एकमेकींना धरून दोनशे मीटर घसरलो. तोंडात बर्फ, बाहीत बर्फ, कॉलरीत बर्फ. खाली नर्सच्या पायाशी जाऊन थांबलो आणि तिघींनाही उठवेना, हसून हसून.

वरून उस्ताद ओरडत होते, "अंतर! अंतर ठेवा!"

आम्ही हात हलवून त्यांना हो म्हणालो, आणि उठण्यासाठी पुन्हा एकमेकींनाच धरलं.